पालिकेतली बढती आणि प्रशिक्षण : तुमचा अनुभव लिहा

मागच्या महिन्यात रजेचा हिशोब बघायला आस्थापनेत गेले आणि सहज सेवापुस्तक चाळलं. एल.एस.जी.डी., म्हणजे स्थानिक स्वराज्य कारभाराची पदविका, पास होऊन मला नऊ वर्षं झाली. नोंदच नाही! प्रमाणपत्राची झेरॉक्स मागच्या पुठ्ठ्यात दुमडून ठेवलेली, पिन गंजून कागदावर डाग पडलेला. म्हणजे मी दिली होती, कुणीतरी घेतली होती, पेन मात्र उचललं नव्हतं.

मुंबईत आणि आसपासच्या पालिकांत काम करणाऱ्यांनो, प्रशिक्षण काय मिळालं, त्याचा बढतीला उपयोग झाला का, लिहा. ऑफिस, वॉर्ड, साहेबांची नावं नकोत. उद्या त्याच टेबलावर बसायचंय आपल्याला.

मुख्य लिपिक, पश्चिम उपनगर

एल.एस.जी.डी. मीही केलं, अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचं. अंधेरीची, बर्फीवाला मार्गावरची. संस्था १९२६ची, त्यामुळे आमच्या आधीच्या कितीतरी पिढ्या तिथूनच गेल्यात. अभ्यास सगळा विरार लोकलमध्ये, तोही उभ्याने.

पण १८८८चा महानगरपालिका अधिनियम मला पुस्तकातून कळला नाही. इमारत व कारखाने खात्यात एक बाई होत्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. माझ्याकडून नोटिसा टाइप करून घेताना मध्येच विचारायच्या, "ही ३५१ का रे? ३५४ का नाही?" ३५१ विनापरवाना बांधकामाची, ३५४ मोडकळीला आलेल्या इमारतीची. एकदा मी कलम चुकवलं. बाई ओरडल्या नाहीत. दुपारी इन्स्पेक्शनला जाणाऱ्या जेईबरोबर (कनिष्ठ अभियंत्याबरोबर) मला नोटिशीतल्या त्या चाळीत पाठवलं. जिन्याला बल्ल्यांचे टेकू, आणि त्याच जिन्यावरून एक आजी दुधाची पिशवी घेऊन वर चालल्या होत्या. परत आलो तर म्हणाल्या, "आता कर टाइप." खात्याच्या परीक्षेत ३५४ वर प्रश्न आला तेव्हा मला तो जिनाच दिसत होता.

सफाई कामगार होतो, आता लिपिक

वडील गेले आणि सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाहक्काने लागलो. आमच्यात त्याला पी.टी. केस म्हणतात. सकाळी चौकीवर हजेरी, दुपारी घरी, संध्याकाळी मुक्त विद्यापीठाची पुस्तकं. बी.ए. झालो तर मुकादम म्हणाला, "डिग्रीने कचरा उचलला जातो का?" (मुकादम स्वतः नववी. पण मुलीला इंजिनियर केलंय त्याने, हेही सांगतो.)

लिपिकाच्या परीक्षेत पहिल्यांदा मराठी टायपिंगला अडकलो. झाडू धरून बोटं आखडलेली, तीसचा वेग कुठून येणार? दादरच्या एका क्लासात पोरासोरांमध्ये बसून सहा महिने घासलं. पास झालो. पण ऑर्डर निघायला दीड वर्ष गेलं, फाइल कुठे होती ते आजही कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसलो आणि साडेसहाची सवय म्हणून आठलाच हजर! शिपाईसुद्धा आला नव्हता.

युवा प्रशिक्षणार्थी (होते)

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून २०२४ला लागले. पदवीधरांना महिना १०,००० विद्यावेतन. आधी सहा महिने म्हणाले, मग पाच वाढवले. आवक-जावक, टपाल, ऑनलाइन तक्रारी, सगळं शिकले. विद्यावेतन कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचं एकदम. आता मुदत संपली, हातात प्रमाणपत्र आहे. त्याच वर्षी मुंबई पालिकेच्या कार्यकारी सहायकांच्या (म्हणजे लिपिकांच्याच) १८४६ जागा निघाल्या होत्या. दहावी आणि पदवी पहिल्याच फटक्यात पास हवी ही अट नंतर काढली, म्हणून अर्ज तरी भरता आला. गणितात एकदा गचकले होते मी.

दुय्यम अभियंता

ट्रेनिंगला पवईला जाऊन आलो. जेवण छान होतं. ज्येष्ठता यादी दोनदा दुरुस्त झाली, हरकती अजून चालू आहेत. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

निवृत्त प्रशासकीय अधिकारी

धागाकर्तीला रागवायचंय थोडं. बाई, नऊ वर्षांत एकदाही पुस्तक बघितलं नाहीत? मी बारा वर्षं आस्थापनेत काढली. आळस हे एक कारण झालं. पण माणूस बदलीवर जातो आणि त्याचं पुस्तक जुन्याच कपाटात पडून राहतं, हे मी जास्त बघितलं. नव्या ठिकाणी त्याचा कागद येतो, पुस्तकच नाही, मग लिहिणार कशात? प्रमाणपत्र देताना अर्ज जोडा, आवक नंबर घ्या, डायरीत लिहून ठेवा. पदोन्नती समितीपुढे पुस्तक जातं, तुम्ही जात नाही. आमचा एक हुशार माणूस याच एका ओळीपायी ज्युनियरच्या हाताखाली रिटायर झाला. त्या वेळी टेबल माझंच होतं, हेही लिहून टाकतो.

धागाकर्ती

काका, रागावणं मान्य. आज अर्ज दिला, आवक नंबर घेतला. आस्थापनेतली मुलगी आता मूळ प्रमाणपत्र मागतेय, ते माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. रविवारी उतरवते. अग्निशमन आणि हॉस्पिटलवाल्यांपैकी कुणीच कसं लिहिलं नाही अजून?