शब्दचर्चा : एन्साइन, जॅक, बर्गी... सगळ्यांना ‘झेंडा’च म्हणायचं का?

सोलेंटकाठी :
नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदम्प्टनजवळ, आम्ही काही मराठी कुटुंबं मिळून एक छोटी शिडाची बोट बाळगतो. मुलं आता हाताशी आली आहेत, म्हणून बोटीवरच्या झेंड्यांचे रीतिरिवाज त्यांच्यासाठी मराठीत लिहून काढते आहे. अडलंय ते शब्दांपाशी. बोटीच्या मागच्या टोकाला तिरक्या काठीवर लाल कापड असतं, कोपऱ्यात ब्रिटनचा राष्ट्रध्वज असलेलं, ते एन्साइन. डोलकाठीच्या शेंड्याला क्लबची तिकोनी बर्गी. परदेशी बंदरात उजव्या अंगाला चढवतात तो कर्टसी फ्लॅग. आणि युनियन जॅक, जो खाजगी बोटीवर लावायचाच नसतो. चौघांनाही ‘झेंडा’ म्हटलं की ‘ब्रिटनचा झेंडा लावा’ आणि ‘ब्रिटनचा झेंडा लावू नका’ ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर येतात. वेगळे शब्द सुचवा.

शब्दपारखी :
एन्साइनला ‘निशाण’ घ्या, डोळे मिटून घ्या. एन्साइन फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या ‘इन्सिग्निया’वरून आला, म्हणजे ओळखीच्या खुणा. आपलं निशाण फारसीतून आलं, त्याचाही मूळ अर्थ खूण. दोन्ही भाषांनी ‘खूण’ या अर्थाचा शब्द उचलून ध्वजाला दिला. निशाणी, नामनिशाण, निशाणाचा हत्ती हे सगळे याच घरातले. शिवाय बोटीवरच्या त्या लाल कापडाचं काम नेमकं तेच आहे ना? ही नौका कोणाची, कोणत्या देशाच्या कायद्याखालची, हे लांबून कळावं. ‘ध्वज’ मी टाळेन. त्याला राष्ट्रध्वजाचा अर्थ इतका चिकटला आहे की युनियन जॅक आणि रेड एन्साइन यांतला फरक पुन्हा पुसला जाईल.

रत्नांग्रीकर :
आमच्याकडे बंदरावर ‘बावटा’ म्हणतात. ‘लाल बावटा’ का नको? सुटसुटीत आहे.

शब्दपारखी :
दोन अडचणी दिसतात. लाल बावटा म्हटलं की मराठी माणसाला मुंबईच्या गिरण्या आठवतात. १९२८ सालची गिरणी कामगार युनियन कंसातल्या ‘लाल बावटा’नेच ओळखली जायची. दुसरी अडचण तुमच्याच बंदरावरची आहे.

रत्नांग्रीकर :
खरं आहे. ‘बंदरात तीन नंबरचा बावटा लागला’ म्हणजे वादळाचा इशारा, होड्या किनाऱ्याला घ्या. कोकणात बावटा ही सूचना असते, ओळख नव्हे. मग तो शब्द सांकेतिक निशाणांसाठी राखून ठेवा. जहाजं एकमेकांना अक्षरांची रंगीत निशाणं दाखवतात, त्यांना ‘खुणेचा बावटा’ शोभेल.

सोलेंटकाठी :
हे फार उपयोगी पडलं. पिवळा क्यू फ्लॅग म्हणजे आता ‘पिवळा बावटा’. चॅनल ओलांडून शेरबूरला जाऊन परतताना ब्रिटनच्या १२ सागरी मैलांच्या हद्दीत शिरलं की तो चढवावा लागतो. अर्थ असा की बोटीवर सगळे निरोगी आहेत, आत यायची परवानगी द्या. ब्रेक्झिटनंतर फ्रान्सहून येणाऱ्या प्रत्येक बोटीला तो लागतो. तो इशारा आहे, ओळख नाही, त्यामुळे रत्नांग्रीकरांची विभागणी चपखल बसते.

आता निशाणाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण शब्द ठरवताना त्यामागचा कायदा डोळ्यासमोर हवा. १९९५ च्या मर्चंट शिपिंग अ‍ॅक्टप्रमाणे ब्रिटिश नौकेचं निशाण म्हणजे रेड एन्साइन, त्यात काहीही भर न घातलेलं. युद्धनौकेने खूण केली तर, आणि परदेशी बंदरात शिरताना वा निघताना, ते चढवणं बंधनकारक आहे. ५० टन आणि त्याहून मोठ्या जहाजांना हा नियम ब्रिटिश बंदरातही लागू होतो. परवान्याशिवाय भलतं निशाण लावलं तर कप्तान, बोटीवर हजर असलेला मालक आणि चढवणारा हात, तिघेही गुन्हेगार ठरतात. नौदलाचा किंवा लष्कराचा कमिशनप्राप्त अधिकारी, कस्टम्सचा माणूस किंवा ब्रिटिश वकिलातीतला अधिकारी बोटीवर चढून ते काढून नेऊ शकतो. हौसेने युनियन जॅक मागच्या काठीला बांधणारे लोक मरीनात दिसतात. देशप्रेमापोटीच करतात बिचारे, पण प्रेम दाखवायचं कापड लाल आहे.

युनियन जॅक पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर लावायचा हक्क नौदलाचा, तोही नौका नांगरलेली किंवा धक्क्याला बांधलेली असताना. व्यापारी जहाजाला नाळेवर लावायचंच असेल तर पांढरी किनार असलेला युनियन जॅक आहे, त्याला कायद्याने वेगळी सूट आहे. सेंट जॉर्जचा साधा लाल क्रॉस, म्हणजे इंग्लंडचा झेंडा, तोसुद्धा चालत नाही, कारण समुद्रावर ते अ‍ॅडमिरलचं निशाण. अपवाद डंकर्कच्या छोट्या नौकांचा. १९४० मध्ये ज्या खाजगी बोटींनी सैनिकांना फ्रान्सच्या किनाऱ्यावरून परत आणलं, त्यांना डंकर्क शहराचं चिन्ह घातलेला सेंट जॉर्जचा क्रॉस लावायचा मान आहे. आमच्या धक्क्यावर अशी एखादी जुनी लाकडी बोट येऊन बांधली की मी मुलांना मुद्दाम ते कापड दाखवते.

दर्यासारंग :
मी व्यापारी नौदलात होतो, ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवरही. तिथे रेड एन्साइनला सगळे ‘रेड डस्टर’ म्हणत, लाल फडकं. आपुलकीने म्हणत, हे लक्षात ठेवा.

लाल, पांढरं, निळं कुठून आलं तेही सांगतो. ब्रिटिश आरमाराच्या लाल, पांढरी आणि निळी अशा तीन तुकड्या होत्या. लढाईच्या धुरात इतकी रंगीबेरंगी निशाणं गोंधळ करत. १८०५ ला ट्रफाल्गरला नेल्सनने सगळ्या ताफ्यावर पांढरंच चढवायला लावलं होतं. १८६४ मध्ये तुकड्यांची पद्धत मोडली. पांढरं नौदलाला गेलं, लाल व्यापारी आणि खाजगी नौकांना, निळं सरकारी सेवेला. म्हणून पांढरं निशाण खाजगी बोटीवर दिसलं तर मालक कोण ते ओळखता येतं. वाइट बेटावरच्या काउझच्या रॉयल यॉट स्क्वॉड्रनच्या सभासदांना तो मान १८२९ पासून आहे.

वहीत एक शब्द जपून लिहा : ‘डिफेस्ड एन्साइन’. भाषांतर करताना लोक ‘विद्रूप केलेले’ लिहितात, अनर्थ होतो. अर्थ इतकाच की कापडावर क्लबचं किंवा खात्याचं चिन्ह घातलं आहे.

शब्दपारखी :
‘चिन्हांकित निशाण’. चिन्ह नसेल तर ‘कोरं निशाण’.

सोलेंटकाठी :
कोरं निळं निशाण, चिन्हांकित निळं निशाण. छान. काही जुन्या क्लबांच्या सभासदांना ती परवान्याने मिळतात. परवाना त्या मालकाच्या आणि त्या बोटीच्या नावाने असतो, बोट नोंदलेली लागते, मालक बोटीवर किंवा जवळपास हजर हवा, आणि त्या क्लबची बर्गी सोबत फडकायलाच हवी. तर बर्गीला काय म्हणू?

रत्नांग्रीकर :
‘पताका’. तिकोनी आहे, शेंड्यावर आहे, एका मंडळीची आहे. वारीत दिंडीच्या पताकेलाही हेच म्हणतो आपण.

शब्दपारखी :
पताकेला माझंही मत. क्लबच्या कमोडोरची, म्हणजे प्रमुखाची, मात्र दोन टोकांची असते, भगव्यासारखी. तिला ‘दुटोकी पताका’ म्हणता येईल.

दर्यासारंग :
जॅक ‘जॅक’च राहू द्या. शनिवारवाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ ला युनियन जॅक लागला, हे वाक्य शाळेपासून सगळ्यांच्या कानात आहे. आता त्याचं मराठी नाव कोणी स्वीकारणार नाही.

क्रियापदाचाही विचार करा. इंग्रजीत जहाज एन्साइन ‘वेअर’ करतं, बाकीची कापडं ‘फ्लाय’ करतं. जुन्या कप्तानांसमोर उलट बोललं की ते थांबवून दुरुस्त करायचे. मराठीत ‘नौका निशाण धारण करते’ आणि ‘पताका फडकवते’ असा भेद ठेवलात तर मला आनंद होईल.

सोलेंटकाठी :
‘धारण करते’ मुलांना जड जाईल. ‘बोटीच्या अंगावर लाल निशाण आहे’ असं लिहू का? अंगावर कपडा असतो तसं.

दर्यासारंग :
उत्तम. मूळ शब्दाच्या अधिक जवळ गेलात.

तांत्रिकवेडा :
मध्येच विचारतो. आपल्या नौदलाचं जुनं निशाण याच घराण्यातलं ना?

दर्यासारंग :
हो, पांढऱ्या कापडावरचा लाल क्रॉस तिथूनच आला होता. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीनला विक्रांत नौदलात दाखल झाली त्या दिवशी तो गेला. नव्या निशाणावरचा अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे, त्यात नांगर आणि ‘शं नो वरुणः’. व्यापारी जहाजांचं आपलं निशाण अजून लालच आहे, कोपऱ्यात तिरंगा.

सोलेंटकाठी :
कर्टसी फ्लॅगला ‘यजमान-निशाण’ कसं वाटतं? आपण पाहुणे, ज्यांच्या पाण्यात आलो त्यांचं निशाण उजव्या बाजूच्या आडव्या काठीखाली चढवतो, आणि त्याच दोरीवर त्याच्या वर दुसरं काही नाही. परदेशी बोट ब्रिटनमध्ये आली तर तिनेही इथे रेड एन्साइन चढवायचं. पुष्कळजण युनियन जॅक चढवतात.

शब्दपारखी :
‘कर्टसी’मधलं सौजन्य सुटलं, पण कोणाचं निशाण ते लगेच कळतं. मला पटलं.

सोलेंटकाठी :
चढवण्या-उतरवण्याच्या वेळाही लिहिते आहे. सकाळी ८ ला चढवायचं, १ नोव्हेंबर ते १४ फेब्रुवारी ९ ला. सूर्यास्ताला उतरवायचं, पण रात्री ९ च्या पुढे जायचं नाही. जूनमध्ये इथे सूर्य नऊनंतर मावळतो, म्हणून ही दुसरी अट. शर्यतीत असताना निशाण काढून ठेवतात, त्यावरून बाकीच्या बोटींना कळतं की ही शर्यतीतली आहे.

चढवण्याआधी कापड मांडीवर उलगडून बघायचं. शिवलेल्या निशाणाच्या कडेतून दोरी ओवलेली असते, वरच्या टोकाला लाकडी खुंटी, खाली नुसती दोरी. खुंटी वर गेली तर निशाण उलटं लागत नाही. छपाईच्या स्वस्त कापडाला खुंटी नसते, तिथे काठीकडच्या बाजूची रुंद पांढरी तिरकी पट्टी वर आहे ना ते पाहायचं. माझी धाकटी आता हे बोट ठेवून तपासते.

‘डिप’ करणं राहिलं. युद्धनौका जवळून गेली की आपण निशाण खाली आणतो, ती उत्तरादाखल तिचं खाली-वर करते, मग आपण पुन्हा चढवतो. ‘झुकवणे’ लिहू?

रत्नांग्रीकर :
‘मुजरा’. निशाणाचा मुजरा.

शब्दपारखी :
अगदी! आणि मुजरा आधी लहानाने करायचा, उत्तर मोठ्याने द्यायचं, हा क्रमही शब्दातच येतो.

दर्यासारंग :
फक्त दुखवट्याच्या वेळी हा शब्द येऊ देऊ नका. मुजऱ्यात निशाण उतरतं आणि लगेच परत चढतं. दुखवट्याला वर्तमानपत्रं लिहितात तसं ‘अर्ध्यावर उतरवणे’ म्हणा. ते करताना निशाण आधी पूर्ण वर न्यायचं, मग अर्ध्यावर आणायचं. संध्याकाळी काढतानाही पुन्हा पूर्ण वर नेऊन मगच उतरवायचं. मुलांना दोरी हातात देऊन एकदा करायला लावा.