'हितसंबंधांचा संघर्ष' म्हणजे नेमका कोणाचा संघर्ष?

मसुदेकार:
न्यायाधीश आणि लोकप्रतिनिधी यांच्या आर्थिक हितसंबंधांवरचा मजकूर मराठीत करताना एकाच ठिकाणी अडायला होते. 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट'साठी 'हितसंबंधांचा संघर्ष' रूढ झाला आहे, पण तो वाचून डोळ्यापुढे दोन गट येतात: ऊस उत्पादक आणि कारखानदार, भाडेकरू आणि घरमालक. इथे तर माणूस एकच असतो. ज्या कंपनीचे शेअर त्याच्या नावावर, तिचाच खटला त्याच्यापुढे; किंवा ज्या ठेक्यात त्याची भागी, त्याच ठेक्याचा ठराव त्याच्या सहीने. हितसंघर्ष, हितविरोध, हितबाधा, परस्परविरोधी हितसंबंध हे पर्याय पाहिले. यातला कोणता टिकेल? आणि न्यायाधीश 'रिक्यूज' होतात, म्हणजे एखादे प्रकरण ऐकायला स्वतःहून नकार देतात, त्याला 'माघार' म्हणावे का?

कोशवाचक:
'हितबाधा' नक्की नको. हितचिंतक, हितशत्रू, हितरक्षण या सगळ्या शब्दांत हित ही जपायची वस्तू आहे. त्याच चालीने हितबाधा म्हणजे कुणाच्या तरी हिताला पोचलेली बाधा, म्हणजे अर्थ उलटाच झाला. 'परस्परविरोधी हितसंबंध' वकिलाला लागू पडतो, कारण एकच वकील वादी-प्रतिवादी दोघांचे काम घेऊ लागला तर तिथे खरोखर दोन हिते असतात. न्यायाधीशाच्या बाबतीत एका बाजूला हित असते, दुसऱ्या बाजूला कर्तव्य. कर्तव्याला हित म्हटले की वाक्य लंगडे होते.

मराठीत यासाठी क्रियापद आधीपासून आहे, 'आड येणे'. नाते आड आले, पैसा आड आला, तसा हितसंबंध आड आला. कायद्याच्या मसुद्यात नामच हवे असेल तर 'कर्तव्य व हितसंबंध यांतील विरोध' असे सगळे लिहावे. लांब होते, पण खरे होते.

बातमीपाठ:
याला जोडून दोन शब्द बाजूला काढू या, कारण बातम्यांत त्यांची सर्रास सरमिसळ होते.

'साटेलोटे' मुळात लग्नव्यवहारातला शब्द आहे. एका घरची मुलगी दुसऱ्या घरी द्यायची आणि त्या घरची आपल्या घरी आणायची. म्हणजे देवाणघेवाण हवी आणि पक्ष दोन हवेत. 'संगनमत'लाही किमान दोघे लागतात, शिवाय त्यात हेतू येतो. हितसंबंध आड यायला दुसरा माणूस लागत नाही आणि कुणी काही केलेलेही असावे लागत नाही. ती स्थिती आहे, कृती नव्हे. वडिलांकडून वारशाने शंभर शेअर आले आणि पुढच्याच आठवड्यात त्या कंपनीचे अपील बोर्डावर, म्हणजे त्यांच्यापुढच्या सुनावणीच्या यादीत, लागले, तर न्यायाधीशांच्या हातून काहीच चुकलेले नाही, तरी हितसंबंध आड आला आहे. तिथे 'साटेलोटे' छापले तर ती सरळ बदनामी होईल.

तालुकावकील:
'पक्षपात'सुद्धा वेगळा ठेवा. 1852 चा इंग्लंडमधला डाइम्स खटला पाहा. लॉर्ड चान्सलर, म्हणजे तिथले वरिष्ठ न्यायाधीश, कॉटनहॅम यांनी एका कालवा कंपनीच्या बाजूने आदेश दिला होता आणि त्याच कंपनीचे शेअर त्यांच्याकडे होते. तेव्हाचे तिथले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तो आदेश रद्द केला आणि त्याच वेळी हेही म्हटले की या हितसंबंधाचा त्यांच्यावर तिळमात्र परिणाम झाला असेल असे कुणालाही वाटणार नाही. गुणदोषांवर पुढे कंपनीच जिंकली. म्हणजे निकाल बरोबर होता, पक्षपात नव्हता, तरी आदेश गेला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये माणकलाल प्रकरणात हेच तत्त्व मांडले. वादविषयात पैशाचा हितसंबंध असेल तर तो कितीही लहान असो, त्या माणसाला न्यायाला बसता येत नाही. पैसा सोडून इतर संबंध असतील, जसे मैत्री किंवा जुनी वकिली, तर पक्षपाताची रास्त शंका येते का हे पाहतात. म्हणून मराठीत 'आर्थिक' हे विशेषण गाळू नये. त्या एका शब्दाने कसोटी बदलते.

मसुदेकार:
मग लोकप्रतिनिधींनाही हीच 'कितीही लहान' कसोटी लागते का?

तालुकावकील:
नाही, आणि भाषांतरात घसरायला होते ते इथेच. शब्द तोच, 'हितसंबंध', पण माप वेगळे.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 14: पंचायतीच्या आदेशाने केलेल्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात सदस्याचा स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, हिस्सा किंवा हितसंबंध असेल तर तो अनर्ह ठरतो, म्हणजे त्याला सदस्य राहता येत नाही. वाद निघाला तर कलम 16 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 मध्येही अशीच अनर्हता आहे, पण तिला अपवाद जोडले आहेत. महापालिकेची जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रात हिस्सा आहे किंवा महापालिकेशी करार करणाऱ्या संयुक्त भांडवली कंपनीचे शेअर आहेत, एवढ्यानेच नगरसेवकाचे पद जात नाही. न्यायाधीशाला जे शंभर शेअर अडवतात ते नगरसेवकाला अडवत नाहीत. म्हणून 'हितसंबंध' लिहिताना कोणत्या पदाचा आणि कोणत्या कलमातला हे त्याच वाक्यात यायला हवे.

'अप्रत्यक्ष'चा अर्थ किती लांब जातो याचे उत्तम उदाहरण गोव्यात आहे. पंच, म्हणजे ग्रामपंचायत सदस्य, असलेल्या महिलेच्या पतीने पंचायतीची कामे ठेक्याने केली होती. महाराष्ट्रात नुसत्या नवरा-बायकोच्या नात्यावरून एकाचा हितसंबंध दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही, पुरावा लागतो. गोव्यात मात्र पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, वेगळा करार नसेल तर, पती-पत्नीची मत्ता सामाईक असते. पतीच्या कमाईत पत्नीचा वाटा कायद्यानेच ठरलेला. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये तिचा अप्रत्यक्ष आर्थिक हितसंबंध मान्य केला आणि अनर्हता कायम ठेवली. दोन्ही राज्यांच्या कायद्यात 'अप्रत्यक्ष' आहेच, अर्थ ठरवला तो विवाहाच्या कायद्याने.

आणखी एक. कायद्यात 'अनर्ह' आहे, वर्तमानपत्रांत 'अपात्र'. दोन्ही चालतील, पण एकाच मजकुरात दोन्ही वापरू नका. वाचकाला त्या दोन वेगळ्या शिक्षा वाटतात.

बातमीपाठ:
'लाभाचे पद' याबद्दलही सांगायला हवे. कायद्याच्या मराठीत 'लाभपद'. सरकारकडचे असे पद धारण केले तर संविधानाच्या अनुच्छेद 102 आणि 191 मुळे खासदारकी-आमदारकी जाते. 'लाभ' शब्दामुळे वाचक विचारतो, पैसे घेतले का? प्रश्न तो नाहीच. राज्यसभा सदस्य जया बच्चन उत्तर प्रदेश फिल्म विकास परिषदेच्या अध्यक्ष होत्या. त्यांचे म्हणणे होते की मानधन घेतलेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2006 मध्ये सांगितले की पदाला लाभ जोडलेला आहे की नाही ते पाहायचे, तो प्रत्यक्ष उचलला की नाही हे नव्हे. म्हणून 'लाभ घेतल्याने खासदारकी गेली' हे मराठी चूक आहे. 'लाभपद धारण केल्याने' असे लिहा. 'धारण करणे' कानाला जड वाटते, पण इथे सगळा अर्थ त्या क्रियापदात आहे.

कोशवाचक:
आता 'रिक्यूज'. 'माघार'ला रणांगणाचा आणि निवडणूक अर्जाचा वास आहे. वाचताना न्यायाधीश घाबरले की काय असे वाटते. 'अंग काढून घेतले' त्याहून वाईट, त्यात जबाबदारी टाळल्याचा ठपका आहे. 'स्वतःला वेगळे केले' हे हिंदीवरून उचललेले. 'सुनावणीतून बाजूला झाले' हे साधे आणि निर्दोष आहे. कोर्टात तर 'नॉट बिफोर मी' असाच शेरा चालतो, आणि प्रकरण दुसऱ्या पीठापुढे लावण्यासाठी मुख्य न्यायमूर्तींकडे जाते. बातमीत 'हे प्रकरण माझ्यापुढे नको, असे सांगितले' एवढे पुरते.

तालुकावकील:
मान्य. फक्त बाजूला होण्याच्या आधीची पायरी गाळू नका: 'हितसंबंध उघड करणे'. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 1997 रोजी स्वीकारलेल्या सोळा कलमी आचारमूल्यांत हे स्पष्ट आहे. ज्या कंपनीत न्यायाधीशाचे शेअर आहेत तिचे प्रकरण, हितसंबंध उघड करून कुणाची हरकत नाही असे कळल्याखेरीज, ऐकू नये.

दोन्ही पायऱ्या एकाच खटल्यात दिसल्या त्या सर्वोच्च न्यायालयातल्या 2009 च्या अंबानी बंधूंच्या नैसर्गिक वायूच्या वादात. न्या. रवींद्रन यांनी सुरुवातीलाच दोन्ही बाजूंच्या कंपन्यांचे शेअर आपल्याकडे असल्याचे सांगितले. कुणीही हरकत घेतली नाही, सुनावणी चालली. नंतर, त्यांची मुलगी ज्या सॉलिसिटर फर्ममध्ये आहे ती एका बाजूला वेगळ्या व्यवहारात सल्ला देते हे लक्षात आले, आणि ते बाजूला झाले. पहिल्या टप्प्याला 'बाजूला झाले' म्हणता येत नाही आणि दुसऱ्याला 'उघड केले' एवढे पुरत नाही.

मसुदेकार:
'मालमत्ता जाहीर' आणि 'हितसंबंध जाहीर' हे एकच धरले तर चालेल का?

बातमीपाठ:
अजिबात नाही. मालमत्ता म्हणजे काय आहे ते, हितसंबंध म्हणजे ते कुठे आडवे येईल ते. निवडून आलेल्या खासदाराने शपथेनंतर 90 दिवसांत स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबित मुलांची मालमत्ता व देणी कळवायची असतात, ती लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 75अ खाली. राज्यसभेची हितसंबंध नोंदवही वेगळी. तिच्यात पाच गोष्टी येतात: मोबदल्याचे संचालकपद, नियमित मेहनतान्याचे काम, नियंत्रण मिळेल इतका भागहिस्सा, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम. पहिल्या कागदावर शेअरची किंमत दिसते, पण तो सदस्य कोणाला पैसे घेऊन सल्ला देतो हे तिथे कळत नाही.

5 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर 33 पैकी 21 न्यायमूर्तींची विवरणे आली. ती मालमत्तेची होती. अशा बातमीचा मथळा 'न्यायमूर्तींचे हितसंबंध जाहीर' असा करू नये. आणि आकडा टाकायचा तर 21 सोबत 33 ही टाका.