बाबांच्या याशिका कॅमेऱ्यात अर्धा रोल सापडलाय, काय करू?

मृगसर

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगते म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

मे महिन्यात देवरुखला घरी गेले होते, पावसाआधी माळा आवरायचा होता, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत बाबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ सापडला. चामड्याच्या केसमध्ये, आणि केसवर बुरशीचा पांढरा थर. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली आणि कॅमेरा तर त्याच्या कितीतरी आधीपासून बंद होता. मोठ्या मामाने मस्कतहून आणलेला, घरातली सगळ्यात महागाची वस्तू, आम्हा पोरांना हात लावायची परवानगी नव्हती.

तर नंबरच्या खिडकीत २३ दिसतंय! म्हणजे आत रोल आहे का?

हे एवढं महत्त्वाचं का ते सांगते. बाबा दरवर्षी गणपतीचं मखर स्वतः करायचे. थर्माकोल कधीच नाही, पुठ्ठा आणि पतंगाचा कागद, आईने शिजवलेली मैद्याची खळ, आणि सगळं कातरकाम दाढीच्या ब्लेडने. आषाढ लागला की रात्री जेवणं झाल्यावर पाटावर पुठ्ठा ठेवून बसायचे ते बारा वाजेपर्यंत. मखर तयार झालं की गणपती आणायच्या आदल्या रात्री फोटो काढायचे, घरातले सगळे दिवे घालवून फक्त मखरातले दिवे चालू, फ्लॅश नाही, कॅमेरा स्टुलावर आणि खाली डब्यांची झाकणं लावून उंची जुळवलेली. कॅमेऱ्यावर पिवळा दिवा लागला की म्हणायचे "आता कोणी चालू नका", आणि आम्ही जमीन हलेल म्हणून श्वास धरून उभे. विसर्जन झालं की मखर मोडायचे, एकही ठेवलं नाही. फोटोंचे अल्बम होते ते वाळवीने खाल्ले, निगेटिव्हसकट. त्यामुळे या रोलमध्ये एक जरी मखर असेल तरी ते आमच्याकडचं एकमेव.

इथे ठाण्यात एका लॅबमध्ये नेलं होतं तर त्यांनी "बघून सांगतो" म्हणत झाकणालाच हात घातला, मी कॅमेरा ओढूनच घेतला. आता घाबरून कोणालाच देत नाहीये. आत रोल आहे हे न उघडता कळेल का? उरलेले तेरा फोटो काढून रोल संपवावा का? आणि धुवायला द्यायचा तर कुठे?

---

हायपो_काका

ताई, सगळ्यात आधी, लॅबमधून कॅमेरा ओढून घेतलात ते शंभर टक्के बरोबर केलंत. मी सांगलीकडे स्टुडिओत तीस वर्षं काम केलं, सुरुवात ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' रोलवर, त्यामुळे हे कॅमेरे हाताखालून भरपूर गेलेत.

या मॉडेलमध्ये झाकण उघडलं की आकडा आपोआप सुरुवातीला जातो. २३ दिसतंय म्हणजे तेवढे फोटो सरकवल्यावर झाकण उघडलेलं नाही, हे नक्की. आता आत फिल्म आहे का ते असं बघा. वर डाव्या बाजूला गोल बटणात घडीचं छोटं हँडल असतं. ते हँडल फक्त उलगडायचं आणि बाणाच्या दिशेने हलकं फिरवायचं. थोडं फिरून अडलं, ताण लागला, तर फिल्म आहे. गरगर फिरत राहिलं तर नाही. पण ते गोल बटण वर ओढू नका, ते वर ओढलं की मागचं झाकण उघडतं! लोक नेमकं तिथेच चुकतात, हँडल उलगडताना सगळंच वर खेचतात.

उरलेले तेरा काढायच्या भानगडीत पडू नका. इतक्या वर्षांनी फिल्म कडक झालेली असते, पुढे सरकवताना कडेची भोकं फाटली तर रोल अर्ध्यात अडकेल. शिवाय बॅटरी मेलेली असणार, आणि बॅटरीशिवाय या कॅमेऱ्याचं शटर कायम १/५०० सेकंदावरच चालतं, काही येणार नाही धड.

आणि तुमच्या बाबांना कॅमेरा कळत होता बरं का. तो पिवळा दिवा म्हणजे शटर १/३० सेकंदापेक्षा हळू चालणार आहे, हात हलेल, कुठेतरी टेकवा. हा कॅमेरा अंधारात ३० सेकंदांपर्यंत शटर स्वतःहून उघडं ठेवतो. दिव्याच्या उजेडात मखर काढायला त्या काळी याच्यासारखा कॅमेरा नव्हता.

---

मृगसर

काका, ताण लागतोय!! अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. हात थरथरत होते, नवऱ्याला बटण दाबून धरायला सांगितलं होतं वर येऊ नये म्हणून.

---

रीळवेडी

वा! आता रिवाइंड, म्हणजे फिल्म परत रिळात गुंडाळायची. मी पुण्यात घरीच रोल धुते, बरेचसे लोकांच्या माळ्यावरचेच येतात माझ्याकडे, त्यामुळे सांगते. रात्री करा, खिडक्या बंद, दिवे बंद, वर चादर घ्या, म्हणजे आत फिल्म तुटली आणि झाकण उघडायची वेळ आली तरी उजेड लागायला नको. कॅमेऱ्याच्या बुडाशी छोटं बटण आहे ते दाबा आणि हँडल बाणाच्या दिशेने अगदी सावकाश फिरवा, विहिरीतून भरलेली कळशी ओढतो तेवढ्या सावकाश. शेवटी एकदा 'टच' असं सुटल्यासारखं होईल आणि मग हलकं लागेल. त्यानंतर अजून चार-पाच फेरे द्या आणि मगच झाकण उघडा.

रिळावर काय लिहिलंय ते सांगा. कंपनी, एएसए (फिल्म उजेडाला किती चटकन धरते तो आकडा) आणि धुवायची प्रोसेस कुठली ते.

---

मृगसर

झालं. वीस मिनिटं लागली. कोनिका, १००, ३६ एक्स्पोजर, खाली सी-४१ लिहिलंय. रीळ बाहेरून ठीक आहे, थोडा गंज आहे कडेला.

---

निळाशार

सी-४१ म्हणजे कलर निगेटिव्ह. कलर लॅबला द्या, पण चांगल्या. अजून धुवून देणाऱ्या लॅब आहेत मुंबईत, नाहीतर बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत चौकशी करा, कुणी ना कुणी पत्ता देईल. पतंगाच्या कागदाचं मखर म्हणजे रंगच तर सगळं, लाल हिरवा पिवळा कागद आणि मागून दिवे, ते ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बघून काय समाधान होणार? माझा एक मुदत संपून बारा वर्षं झालेला रोल मी कलरमध्येच धुवून घेतला, जांभळट आला, पण माणसं ओळखू आली आणि साडीचा रंगसुद्धा कळला.

---

रीळवेडी

निळाशार, तुमचं मन कळतंय, पण तुमचा रोल कोरा असताना जुना झाला होता, फोटो त्यावर नंतर काढलेत. इथे फोटो आधी काढलेत आणि मग ते न धुता कोकणातल्या माळ्यावर, उन्हाळ्यात पत्र्याची धग आणि चार महिने दमट हवा. कोनिका मिनोल्टाने फिल्म आणि कॅमेऱ्यांचा धंदा बंद करतोय म्हणून २००६ मध्ये जाहीर केलं, म्हणजे रोल किती जुना आहे त्याचा अंदाज करा.

फरक असा आहे. कलर प्रोसेसमध्ये आधी चांदीचं चित्र तयार होतं, त्याच्याबरोबर रंग बनतात, आणि मग ब्लीच करून चांदी काढूनच टाकतात. हातात राहतात ते फक्त रंग. जुन्या फिल्ममध्ये रंग बनायची ताकद गेली असेल तर हातात येतो नारिंगी कोरा पट्टा. ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या केमिकलमध्ये, तीच कलर फिल्म टाकली तर चांदीचं चित्र तसंच राहतं, आणि धुकट फिल्ममधून आकार काढायला तेच जास्त भरवशाचं. पण हेही खरं की एकदा इकडे गेलं की रंग परत आणता येत नाहीत. एकच संधी आहे, दोन्हीकडून. त्यामुळे मृगसर, हे तुमच्या घरच्यांनी ठरवायचं, आमच्यापैकी कोणी नाही.

---

हायपो_काका

रीळवेडी ताईंना अनुमोदन. माझं मत ब्लॅक अँड व्हाइट.

---

मृगसर

आईला फोन करून सगळं समजावलं. ती दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, "रंग मला पाठ आहेत गो, दरवर्षीचे सांगते. जाळी कशी कापायचे ती नाही आठवत." म्हणजे ठरलं. रीळवेडी, तुम्हाला निरोप पाठवलाय. कुरियरने नाही पाठवणार, मी स्वतः घेऊन येते.

---

रीळवेडी

या या. कॅमेऱ्याच्या पिशवीत सिलिका जेल टाका आणि कॅमेरा त्या चामड्याच्या केसमध्ये परत ठेवू नका, बुरशीला घर मिळतं. लेन्समध्ये धागे दिसले तर घाबरू नका, साफ होते, फक्त काचेवर खूप दिवस राहिली तर ओरखडे सोडते.

---

मृगसर

अपडेट, दहा दिवसांनी.

काल पुण्याला जाऊन आले. जरा सविस्तर लिहिते, कारण मी आयुष्यात पहिल्यांदा हे बघितलं.

आधी रीळवेडीताईंनी अंधारात फिल्मचं सुरुवातीचं टोक, जे कॅमेऱ्यात रोल भरताना उजेडात आलेलंच असतं, ते कापून वेगळं धुतलं. ते टोक काळं झालं म्हणजे फिल्म अजून जिवंत आहे असं म्हणाल्या. झालं काळं, पार काळंभोर नाही पण झालं. मग बाकीची फिल्म अंधारातच टाकीत भरली. नळाचं पाणी २७ डिग्री होतं आणि त्यांना २० हवं होतं, म्हणून कणीक मळायच्या परातीत बर्फ घालून त्यात केमिकलच्या बाटल्या उभ्या. डेव्हलपर एचसी-११०, जुन्या फिल्मवर धुकं कमी धरतो म्हणून तोच वापरतात. दर मिनिटाला टाकी उलटीसुलटी करायची, ते काम त्यांनी मला दिलं. मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं केमिकल, मग धुणं. टाकी उघडल्यावर मी डोळेच मिटले.

सुरुवातीचे सहा फोटो गेले, नुसते डाग. नंतर हळूहळू दिसायला लागलं. तेवीसपैकी अकरा बऱ्यापैकी, तीन अंधुक. न्हाणीघरात दोरीवर कपड्यांच्या चिमट्याने टांगलेली ती फिल्म खिडकीच्या उजेडात बघितली तर सगळं उलटं, दिवे काळे आणि अंधार नारिंगी, आणि मध्ये जाळी. मोराची जाळी! ताईंनी टॅबवर पांढरा पडदा लावून त्यावर पट्टी धरली, मोबाइलने फोटो काढून उलटा केला, आणि आमचं माजघर आलं. मखराच्या दोन खांबांवर मोर, पिसाऱ्यातलं प्रत्येक पीस वेगळं कापलेलं, आणि प्रत्येक डोळ्याच्या मागे कागदाचे दोन थर, त्यामुळे मधलं बुबुळ गडद आणि कडा उजळ. हे मला माहीतच नव्हतं, मी एवढी वर्षं समजत होते की ते रंगवायचे.

मखराचेच सात आहेत. काही पूर्ण, आणि चार अगदी जवळून, एकेका जोडाचे, खांब कमानीला कसा अडकवलाय, पुठ्ठ्याला खाच कुठे आहे. ते कोणाला दाखवायला काढलेले नाहीत, पुढच्या वर्षी स्वतःला आठवावं म्हणून काढलेत असं वाटतं. उरलेल्यांत अंगणातली कलमं, आणि एकात माझी ताई दोन वेण्या घालून खळीचं पातेलं धरून उभी, हललीये, चेहरा पुसट. तिने बारावीत केस कापले, म्हणजे त्याच्या आधीचं.

आईला मोबाइलवर पाठवले. तिने मोठं करून पाहिलं आणि लगेच फोन केला, "तो डावीकडचा मोर बघ, त्याची मान तुटली होती, मी जोडली मागून पट्टी लावून, दिसतेय बघ." खरंच दिसतेय.

यंदा मी आणि ताई मिळून तेच मखर करायचं ठरवलंय. काका, तुम्हाला एक विचारायचं होतं. आईला फोटो भिंतीवर हवाय आणि तिचं म्हणणं मोबाइलचा प्रिंट नको, "पूर्वीसारखा कागदावरचा" हवा. या निगेटिव्हवरून डार्करूममध्ये प्रिंट निघेल का?

---

हायपो_काका

ताई, वाचून फार बरं वाटलं. बाबांनी जोडांचे फोटो काढून ठेवले, कारागीर माणूस.

प्रिंट निघेल. फक्त फिल्मचा तो नारिंगी रंग आहे ना, त्यातून कागदाला उजेड कमी पोचतो, म्हणून एक्स्पोजर नेहमीपेक्षा बरंच वाढवावं लागेल आणि चित्र मऊ येतं, ते फिल्टर लावून उठवावं लागतं. दोन-चार कागद वाया जातील, त्याची तयारी ठेवा. माझा एन्लार्जर, निगेटिव्हवरून कागदावर मोठं चित्र पाडायचं यंत्र, अजून आहे, बल्ब चालू आहे, गेल्या दिवाळीत नातवाला दाखवला होता. पेपर तेवढा ताजा मागवायचा, ८ बाय १० चा.

निगेटिव्ह सुटे सुटे कापू नका, सहा-सहाच्या पट्ट्या ठेवा आणि बटर पेपरच्या पाकिटात घाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. आणि तो मोरांचा पूर्ण फोटो ज्या पट्टीत आहे तिला बोट लावू नका, कडेने धरा. श्रावणाच्या आत आलात तर गणपतीच्या आधी भिंतीवर लागेल.

---

मृगसर

पेपर आजच मागवते. पुढच्या रविवारी येते काका, आईला पण घेऊन.