से कॅथेड्रलला एकच मनोरा का?

रविवारी कोल्हापूरची मावशी आणि तिची नात आलेली, त्यांना घेऊन फोंड्याहून ओल्ड गोव्याला गेलो. से कॅथेड्रलसमोर उभं राहून ती पोरगी म्हणते, मामा हे एक शिंग मोडलेल्या बैलासारखं का दिसतंय? मी गप्प. तिथला एक गाईड कुणाला तरी सांगत होता की पैसे संपले म्हणून दुसरा मनोरा बांधलाच नाही. खरं काय? आणि हो, आत ती घंटा सोन्याची आहे म्हणे?

चिरेबंदी
गाईड काहीही ठोकतात हो. दोन्ही मनोरे होते, त्यातला उत्तरेकडचा १७७६ मध्ये कोसळला आणि परत उभा केला नाही, राहिला तो दक्षिणेचा, समोर उभं राहिलं की डावीकडचा. घंटा त्यातच आहे. सोन्याची बिन्याची नाही, आवाज भरदार म्हणून सुवर्णघंटा म्हणतात.

पणजीकर७
पण पैसे नव्हते हे अगदीच खोटं नाही ना? पडला तेव्हा शहरच रिकामं होत चाललेलं, रोगराईने लोक निघून गेले, पोर्तुगीज व्हाइसरॉय १७५९ मध्येच पणजीला आला राहायला. ओस पडत चाललेल्या गावात मनोरा कोण बांधणार.

चिरेबंदी
बरोबर, पण ते नंतरचं. बांधताना हात आखडला नव्हता, काम १५६२ ला सुरू, १६१९ ला इमारत उभी आणि आतल्या वेदी पुऱ्या व्हायला १६५२ उजाडलं. पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा घेतलं ते २५ नोव्हेंबर १५१० ला, त्या दिवशी सेंट कॅथरिनचं फेस्त, म्हणून चर्च तिच्या नावाचं. मुख्य वेदीवर तिच्याच आयुष्यातले प्रसंग लाकडात कोरून सोन्याचा मुलामा दिलाय, आत जाऊन ते बघितलंत की नाही? लोक बाहेर सेल्फी काढून सरळ समोरच्या बॉम जीझस चर्चला पळतात.

माशेलची बाय
मला तर भिंतीच जास्त आवडतात. दोन्ही चिऱ्याच्याच, पण बॉम जीझस गिलावा काढून लालभडक उघडी आणि ही चुन्याची पांढरी, समोरासमोर उभ्या असून ओळख नसल्यासारख्या. गेल्या शवप्रदर्शनात, २०२४ च्या नोव्हेंबरात, गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शव बॉम जीझसमधून ह्याच कॅथेड्रलमध्ये आणलेलं, तेव्हा गर्दीत बघायला कसलं मिळतंय, आता साध्या दिवशी जावा.

प्रश्न विचारणारा
वेदी बघितली, पण घाईत. आणि फोटो सगळे काळे आलेत, मनोरा म्हंजे नुसती सावली. मोबाईल खराब झाला की काय?

माशेलची बाय
किती वाजता गेलेलात? दर्शनी बाजू पूर्वेला आहे, दुपारनंतर ऊन पाठीमागून येतं. सकाळी जायचं.

प्रश्न विचारणारा
चारला 😅 आधी जेवायला घातलं ना सगळ्यांना.