टेक्स्ट कंट्रोलच इतका तोकडा का ठेवतात?

नारायणपेठी:
अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकासाठी मुद्रितशोधनाचा छोटा प्रोग्राम लिहितोय. मागणी फार नाही. ओळींचे क्रमांक, शंकास्पद शब्दाखाली लाल रेघ, हवं तितकं मागे जाणारं अनडू आणि मराठीत नीट चालणारा शोध. हे सगळं एकत्र देणारा तयार टेक्स्ट कंट्रोल, म्हणजे प्रोग्राममधला टाइप करायचा चौकोन, काही मिळत नाही. विंडोजचा मूळचा एडिट कंट्रोल एकच पायरी मागे जातो. जावातलं स्विंग हे खिडक्या-बटणांचे तयार भाग देणारं फ्रेमवर्क, त्याच्या जेटेक्स्टएरिया कंट्रोलला अनडू आपण जोडायचं. क्यूटी या फ्रेमवर्कचं अनडू उत्तम, पण ओळ क्रमांक हवे असतील तर कंट्रोलचा क्लास वाढवा, शेजारी दुसरं विजेट, म्हणजे पडद्यावरचा आणखी एक भाग, बसवा, प्रत्येक परिच्छेद कुठे सुरू होतो ते विचारा आणि आकडे स्वतः रंगवा. हे उदाहरण क्यूटीच्या कागदपत्रांतच आहे. इतक्या जणांना लागतं म्हणून उदाहरण लिहून ठेवलं, मग कंट्रोलमध्येच का घातलं नाही?

तक्ते, कॅलेंडरं, सरकते पडदे यांच्यावर मेहनत दिसते. माणूस दिवसभर ज्यात टाइप करतो, ते मात्र एक तर साधा चौकोन, नाहीतर स्वतः एडिटर लिहायला बसा. मधलं काही नाही.

हिंजवडी_फेज२:
अजिबात पटलं नाही. टेक्स्ट बॉक्स बहुतेक वेळा नाव, मोबाइल नंबर आणि पिनकोडसाठी लागतो. तुमच्या चार मागण्यांचं ओझं त्या सगळ्यांनी का वाहायचं? सिंटिला हा तयार एडिटर कंट्रोल १९९९पासून आहे, नोटपॅड++ त्यावरच चालतं. जीटीके हे फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना सोर्सव्ह्यू कंट्रोल आहे, त्यात क्रमांक, शोध, अनडू सगळं तयार. हे काम करणारी माणसं वेगळी आहेत आणि ती वेगळीच असावीत. मजकूर नुसता साठवायचा कसा, हासुद्धा सोपा प्रश्न नाही. व्हीएस कोड या एडिटरने २०१८ मध्ये ओळींची यादी सोडून पीस ट्री, म्हणजे मजकूर तुकड्यांच्या झाडात ठेवायची रचना, घेतला, तोही एवढा मोठा चमू असताना.

नारायणपेठी:
सिंटिला कोड लिहिणाऱ्यांसाठी घडलंय. माझा माणूस कादंबरीचं प्रूफ वाचतो. आणि काम अवघड आहे म्हणूनच ते फ्रेमवर्कने एकदा करावं. अवघड काम प्रत्येकाने आपापल्या घरी करायचं, हा कुठला न्याय?

टीकेप्रेमी:
टीके या फ्रेमवर्कचा टेक्स्ट कंट्रोल विसरलात. टॅग लावा, हव्या त्या तुकड्याला रंग द्या, रेघ मारा, मजकुरात बटण बसवा. अनडू मुळात बंद असतं, एका पर्यायाने चालू होतं. बाकीच्यांनी यावरून शिकावं.

धायरीकर:
तोच टीके ८.६ लिनक्सवर उघडा आणि ‘क्षि’ टाइप करा. क, हलन्त, ष, वेलांटी सुटे सुटे दिसतात आणि वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. तिथे जोडाक्षरं जुळवणारा टप्पाच नाही. टॅग कितीही सुंदर असोत, प्रकाशकाला हे दाखवणार कसं? मराठीसाठी पहिली अट अक्षर नीट दिसण्याची, आणि तिथे क्यूटी, जीटीके केव्हाच पुढे आहेत.

कोथरूडची_स्नेहा:
मला काळजी उलट्या बाजूची वाटते. कंट्रोल पुरत नाही म्हणून लोक कोऱ्या कॅनव्हासवर स्वतःचा एडिटर रंगवतात. दिसायला सुरेख, पण एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला त्यात काहीच सापडत नाही, कारण तिथे मजकूर आहे हे ऑपरेटिंग सिस्टिमला कुणी सांगितलेलंच नसतं. माझा एक सहकारी पूर्ण अंध आहे. साध्या एडिट बॉक्समध्ये तो माझ्याहून वेगाने काम करतो. नारायणपेठी, तुम्हाला हव्या त्या सोयी जरूर मागा, पण स्वतः कंट्रोल रंगवायला बसू नका, ही कळकळीची विनंती.

नारायणपेठी:
स्नेहाताई, विनंती मान्य. पण तुम्ही सांगता तो प्रकार होतो कशामुळे? तयार कंट्रोल अपुरा म्हणूनच ना? तो पुरेसा असता तर कॅनव्हासकडे कुणी वळलंच नसतं.

हिंजवडी_फेज२:
लाल रेघेसाठी क्यूटीत एक्स्ट्रा सिलेक्शन्स ही वरून खुणा करायची सोय आहे, मूळ मजकुराला धक्का लागत नाही. शोधाचं म्हणाल तर तो कंट्रोलचा विषयच नाही. मजकूर बाहेर घ्या, साफ करा, शोधा.

नारायणपेठी:
रेघ तशीच मारतोय, ती सोय खरंच चांगली आहे. शोधाचं मात्र करून बघा. ‘दुसऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतं: एकात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा, जोडाक्षराचं रूप ठरवणारा झेडडब्ल्यूजे. पडद्यावर फरक दिसत नाही, एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या युनिकोड नॉर्मलायझेशननेही दोन्ही एक होत नाहीत, म्हणून कंट्रोलचा शोध एक सापडवतो आणि दुसरं सोडून देतो. प्रुफात सुटलेला शब्द छापून येतो. बाहेर घेऊन झेडडब्ल्यूजे काढला की पुढची प्रत्येक जागा सरकते, मग रेघ भलत्याच अक्षराखाली. ती जागा परत जुळवणारा नकाशा मी आता हाताने लिहितोय. मला तयार मराठी शोध नकोय. दोन अक्षरं सारखी मानायची की नाही, एवढं ठरवणारं माझं फंक्शन कंट्रोलने शोधताना वापरावं. जागांचा हिशोब त्याच्याकडे आधीपासून आहेच.

हिंजवडी_फेज२:
ही मागणी रास्त आहे. ओळ क्रमांकांबद्दल मात्र माझं मत तेच.