मदत हवी आहे: क्लिकर वाजला की कुत्री पळून जाते, काय चुकालंय?

खानापूर_शेतवाडी
नमस्कार मंडळी, कोणीतरी लवकर सांगा. कुत्रीला शिकवायला ऑनलाईन क्लिकर (दाबला की टिक्क वाजणारी डबी) मागवला, व्हिडिओत बघितल्यासारखं रोज दाबालोय, दहा दिवस झाले खरं काही उपयोग नाही. उलट आता टिक्क वाजलं की गोठ्यामागं जाऊन बसते. पुढच्या रविवारी बहीण पोरांना घेऊन येणार आणि ही माणूस दिसलं की अंगावर उड्या मारते, धाकटी भाची तीन वर्षांची आहे. क्लिकर खराब आलाय काय? बेळगावात चांगला कुठं मिळतो तेवढं सांगा.

टिळकवाडीकर
जात कुठली, वय किती, टिक्क केल्यावर खायला काय देताय? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

निपाणीचा_पाटील
क्लिकर बिकर सोडा हो. आमच्याकडं तीस वर्षं कुत्री आहेत, काठी नुसती दाखवली तरी गप बसतात. गळ्यात साखळी घाला, उडी मारली की एक हिसका द्या, दोन दिवसात सरळ होते.

अनगोळची_ताई
पाटीलदादा, राग मानू नका, खरं काठीनं गप बसलेलं कुत्रं भिऊन बसलेलं असतं. आमच्या गल्लीत एक असाच मार खाऊन वाढलेला, मोठ्यांपुढं मान खाली घालायचा आणि एक दिवस पोरानं गोंजारायला हात पुढं केला तर हातालाच चावला. पोराला रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली. तीन वर्षांची पोरगी येणार असलेल्या घराला असला सल्ला देऊ नका.

खानापूर_शेतवाडी
मुधोळ आहे, सात महिन्यांची. खाऊ देतो की, आली तर देतो. नाही आली तर कशाला द्यायचा?

टिळकवाडीकर
आली तर म्हणजे? तुम्ही तिला बोलवायला क्लिकर वाजवालाय काय?

खानापूर_शेतवाडी
होय की. मग कशाला असतोय?

टिळकवाडीकर
तिथंच सगळं अडलंय. क्लिकर ही शिट्टी नव्हं. कुत्र्यानं आपल्याला हवं ते केलं त्याच क्षणाला टिक्क करायचं, म्हणजे त्याला कळतं की हां, हे केलं म्हणून खाऊ मिळाला. टिक्क म्हणजे आपण शब्द दिला, आणि दिला की पाळायचाच, चुकून दाबलं गेलं तरी खाऊ द्यायचा. पहिले एक-दोन दिवस काहीच शिकवू नका. घरात, शांत खोलीत, टिक्क आणि लगेच वाटाण्याएवढा तुकडा, असं दहा-पंधरा वेळा, दिवसातनं दोन-तीनदा. आधी टिक्क, मग हात खिशात, उलटं केलं तर ती हाताकडंच बघत बसते. आवाज ऐकून ती मान वळवून तुमच्याकडं बघायला लागली की झालं, तिला अर्थ कळला. मग उडीचं बघू. आणि शेतात सुरू करू नका, ही जात नजरेवर शिकार करणारी, लांब काहीतरी हललं की तुम्ही आणि तुमचा क्लिकर दोन्ही विसरली.

जमखंडी_मुधोळप्रेमी
मुधोळ म्हणालात म्हणून लिहितो. 2005 मध्ये पोस्ट खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात आपलं मुधोळ होतं, बरोबर रामपूर, राजापालयम आणि हिमालयातलं मेंढ्या राखणारं. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जपली. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं सरकारी केंद्र पण आहे. तुमची पिल्लू कुठनं आणली? कागद आहेत काय?

अनगोळची_ताई
दादा माहिती छान आहे, खरं त्यांना रविवारची घाई आहे.

निपाणीचा_पाटील
खाऊ देऊन देऊन लाडावते कुत्री. खाऊ संपला की ऐकंना होते.

टिळकवाडीकर
पाटील साहेब, 1960 च्या दशकात हवाईत केरन प्रायर बाई डॉल्फिनना शिट्टी आणि मासे यांवर शिकवायच्या, कुत्र्यांसाठी क्लिकरचा प्रसार पुढं त्यांनीच केला. डॉल्फिनला पाण्यात काठी कशी दाखवणार, साखळी कुठं बांधणार, तरी शिकतात की. आणि खाऊ हळूहळू कमी करता येतो, एकदा अंगवळणी पडलं की क्लिकर पण लागत नाही.

अनगोळची_ताई
शेतवाडी, एक विचारते, तुमच्या घरात क्लिकर अजून कोण वाजवतं काय? गोठ्यामागं जाऊन बसते म्हणजे ती आवाजाला भ्यालीय.

खानापूर_शेतवाडी
पोरगा वाजवतो दिवसभर, खेळणं झालंय त्याचं. एकदा कानाजवळ वाजवला होता हे खरं आहे. मला ते महत्त्वाचं वाटलं नाही म्हणून लिहिलं नाही.

अनगोळची_ताई
क्लिकर आजच कपाटात ठेवा. त्याऐवजी बॉलपेनचा बारीक टिक्क वापरा, तोही पेन खिशात ठेवून, म्हणजे आवाज दबतो. आमच्या मोतीला तसंच सवय लावली.

चंदगडकर
गोचिडांना काय लावता तुम्ही लोक? पावसाळ्यात फार होतात.

टिळकवाडीकर
त्याला वेगळा धागा काढा हो. शेतवाडी, "बस" कोण म्हणतं, कुठल्या भाषेत?

खानापूर_शेतवाडी
मी "बस" म्हणतो. आमचा गडी बैलहोंगलचा, तो बसायला "कुंद्रु" म्हणतो आणि बोलवायला "इल्ली बा". आई "ये गं" म्हणते.

टिळकवाडीकर
म्हणजे तुमचं "बस" आणि त्याचं "बा", दोन्ही ब वर. बिचारी निम्म्यात थांबत असेल बघा. आपल्या भागात घरोघरी हेच. कुत्र्याला मराठी चालते तशी कानडी पण चालते, खरं एका कामाला एकच शब्द. बसायला सगळ्यांनी "कुंद्रु" ठेवा, यायला "ये".

खानापूर_शेतवाडी
निम्म्यातच थांबते! मला वाटलं हट्टी आहे. आम्ही शाकाहारी, खाऊ काय देऊ? कुंदा चालतो काय, आवडीनं खाते.

अनगोळची_ताई
कुंदा नको, साखर आणि खवा आहे. पनीरचे तुकडे नाहीतर उकडलेलं गाजर. कांदा कशातच नको, विषारी असतो त्यांना. आणि उडी मारली की ओरडू नका, ढकलू पण नका, पाठ फिरवा. चारी पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणाला टिक्क आणि तुकडा खाली जमिनीवर ठेवा. रविवारी मात्र पट्टा बांधूनच ठेवा, आठवड्यात पूर्ण शिकणार नाही, आणि भाचीजवळ एकटी सोडू नका.

खानापूर_शेतवाडी
चार दिवसांनी लिहालोय. पेनचा आवाज झाला की आता शेपूट हलवत जवळ येते, गोठ्यामागं जायचं बंद झालं. गडी "कुंद्रु" म्हणाला की बसते, माझं ऐकून पण आज तीनदा बसली. उड्या आहेत अजून, सकाळी मी दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा पाय खाली ठेवून थांबली, मला पेन सापडंना म्हणून तोंडानंच टिक्क केलं. चालतं काय तसं?

टिळकवाडीकर
चालतं. पनीर दिलं ना लगेच?