गुडघाभर पावडरमध्ये (ताज्या, भुसभुशीत बर्फात) स्कीइंग : डोंगरातल्या घरी सहा आठवडे राहणार आहे, मार्गदर्शन हवे

प्रश्न (दादरकर)

नमस्कार. मी दादरला राहते, वय ४९. माझ्या मुलीला घरून काम करण्याची मुभा असल्यामुळे तिने मनालीच्या वरच्या अंगाला एका गावात दगड-लाकडाचे छोटे घर भाड्याने घेतले आहे, आणि येत्या जानेवारी-फेब्रुवारीत मी व माझे यजमान सहा आठवडे तिच्याकडे राहणार आहोत. गेल्या हिवाळ्यात मी मनालीजवळच्या सोलंगला स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला. दाबून टणक केलेल्या उतारावर मला बऱ्यापैकी वळता येते.

अभ्यासक्रम संपल्यावर एका रात्री खिडकीच्या कठड्यापर्यंत बर्फ पडला आणि सकाळी मुलीबरोबर मी घरामागच्या सफरचंदाच्या बागेत उतरले. पहिली तीन वळणे अशी झाली की पायाखाली जमीन आहे हेच जाणवेना, आवाजही येईना. चौथ्या वळणाला डावी स्की (बुटाला अडकवलेली लांब फळी) बुडाली, मी पडले आणि निघालेली स्की शोधण्यात अर्धा तास गेला. त्या तीन वळणांसाठी मी वर्षभर वाट पाहिली आहे. अशा भुसभुशीत बर्फात उभे कसे राहावे, कोणत्या सकाळी बाहेर पडावे, आणि मुंबईत राहून आतापासून कोणती तयारी करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ (सह्यवाटा, ठाणे)

ताई, तुमची डावी स्की का बुडाली ते आधी सांगतो. टणक उतारावर वळताना आपण बाहेरच्या पायावर जवळजवळ सगळा भार देतो आणि ते तिथे योग्यच असते. पावडरमध्ये मात्र भार पडलेली स्की खोल जाते, रिकामी वर राहते आणि दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. म्हणून दोन्ही पाय एकमेकांच्या जवळ ठेवून त्यांवर सारखा भार द्यावा आणि दोन्ही स्की म्हणजे एकच फळी आहे असे समजून वळावे.

मागे झुका म्हणजे स्कीची टोके वर राहतील, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. मी पहिली दोन वर्षे तो मानला आणि दर वेळी दहा मिनिटांत मांड्या भरून आल्या. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला हलकी टेकलेली असावी, शरीर स्कीच्या मध्यावर असावे आणि वळण घाई न करता गोल पूर्ण करावे. टोके वर येतात ती वेगामुळे. गेटवेहून मांडव्याकडे निघालेली स्पीडबोट वेग घेते तसा तिचा पुढचा भाग पाण्यावर उचलला जातो, तसेच इथे होते. त्यामुळे खोल बर्फात फार सौम्य उतार निवडला तर माणूस रुतून बसतो, आणि भीतीपोटी नवशिके नेमका तोच निवडतात. स्की भाड्याने घेताना मध्यभागी १०० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असलेली जोडी मागा, कारण अभ्यासक्रमातल्या अरुंद स्की टणक उतारासाठी असतात.

हरवलेली स्की बहुधा आपण थांबतो त्या जागेच्या वरच्या बाजूला असते, कारण स्की निघाल्यावरही आपण घसरत राहतो. तिथे काठीने उताराला आडव्या रेघा मारत शोधावे.

तयारीसाठी रोज बैठका काढा आणि इमारतीचे जिने सावकाश उतरा. चढण्यापेक्षा उतरणे महत्त्वाचे आहे, कारण स्कीइंगमध्ये मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि त्याची सवय जिना उतरण्यानेच होते.

उत्तर २ (हिमरेषा, विलेपार्ले)

वरील तंत्राशी मी पूर्ण सहमत आहे. सकाळ कोणती निवडावी, याबद्दल मात्र सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

हिमालयाच्या या भागात हिवाळी बर्फ मुख्यत्वे पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. ते भूमध्य समुद्राच्या बाजूने येतात, एक-दोन दिवस बरसतात आणि मग आकाश निवळते. थंडीत पडलेल्या ताज्या, कोरड्या बर्फाचे वजन घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या दहाव्या हिश्शाइतके किंवा त्याहून कमी असते. उरलेली सगळी हवाच, म्हणून तर पायाखाली काही नाही असे वाटते. ही हवा टिकते किती, ते सूर्यावर अवलंबून असते. मनाली ३२ अंश अक्षांशावर आहे आणि आल्प्स ४६ च्या आसपास, त्यामुळे आपल्याकडे फेब्रुवारीतले ऊनही तिथल्यापेक्षा बरेच कडक असते. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार दुपारपर्यंत ओला होतो आणि रात्री त्यावर कडक पापुद्रा धरतो, तर उत्तरेकडच्या उतारावर आणि देवदारांच्या सावलीत तोच बर्फ कित्येक दिवस पिठासारखा राहतो.

आता काळजीचा भाग. हिमस्खलने बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात आणि मोठ्या हिमवृष्टीनंतरचा पहिला दिवस सर्वांत धोक्याचा असतो. ऊन पडलेली ती पहिली सकाळ सर्वांत सुंदरही असते, आणि तिथेच चूक होते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या अफरवत डोंगरावर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. चार दिवसांच्या सहलीवर आलेल्या माणसाला थांबणे परवडत नाही, तुम्हाला परवडते. पहिल्या दिवशी गावाजवळच्या सौम्य, वर उभी चढण नसलेल्या उतारावर खेळा आणि मोठ्या उतारांकडे नंतर, जाणत्या स्थानिक वाटाड्याबरोबर जा. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते रोज पाहावेत.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा माग देणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे ही तिन्ही साधने प्रत्येकाकडे हवीत, कारण गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पंधरा-वीस मिनिटांनंतर झपाट्याने घटते आणि तेवढ्या वेळात पोहोचणारे फक्त बरोबरचेच असतात. शोधाचा सराव दादर चौपाटीच्या वाळूतही करता येतो. एकीने ट्रान्सीव्हर डब्यात घालून पुरावा आणि दुसरीने शोधावा. मोबाइल मात्र ट्रान्सीव्हरपासून दूर ठेवावा, कारण त्यामुळे शोधात अडथळा येतो.

उत्तर ३ (कुल्लूची सून, मुलुंड)

माझे सासर कुल्लूचे असल्यामुळे घराबद्दल दोन गोष्टी सांगते. रात्री मुख्य नळ बंद करून पाइपांतले पाणी सोडून द्यावे, नाहीतर गोठून पाइप फुटतात आणि पुढचे दिवस बर्फ वितळवून पाणी करण्यात जातात. खोलीत तंदूर (तिकडची खोली गरम करणारी, धुराड्याची शेगडी) पेटवून झोपणार असाल तर धुराडे साफ आहे ना ते पाहावे आणि खिडकी बोटभर उघडी ठेवावीच. बुटांचे आतले अस्तर काढून तंदूरपासून हातभर लांब वाळवावे, कारण ओल्या बुटात दुसऱ्या दिवशी पाय तापत नाहीत. पत्र्याच्या छपराखाली ऊन आल्यावर उभे राहू नये, सगळा बर्फ एकदम खाली येतो.

दादरकर

सर्वांचे मनापासून आभार. हिमरेषा, तुमचे उत्तर वाचून मी मुलीला फोन केला. तिने मोबाइलवर मोजले, तर बागेचा उतार १८ अंशांचा निघाला. बागेच्या वर मात्र एक उभी घळ आहे, तिच्यात एकही मोठे झाड नाही, आणि तिच्या कडेच्या देवदारांच्या डोंगराकडच्या बाजूच्या फांद्या तुटलेल्या आहेत. मग बाग सुरक्षित समजावी का?

हिमरेषा

नाही. तुम्ही वर्णन केलेल्या खुणा हिमस्खलनाच्या वाटेच्या आहेत. फांद्या डोंगराकडच्या बाजूने तुटतात त्या वरून येणाऱ्या बर्फाच्या माऱ्याने, आणि मोठी झाडे नाहीत याचा अर्थ तिथे अधूनमधून बर्फ येत असावा. सुटण्याची जागा वर असते आणि सापडतो तो खाली उभा असलेला माणूस, त्यामुळे बाग १८ अंशांची असली तरी घळीच्या तोंडासमोरचा पट्टा हिमवृष्टीनंतर पूर्ण टाळावा. घळीतला बर्फ पूर्वी कुठवर आला होता, हे गावातल्या वयस्कर माणसांना विचारा, कारण त्यांना ती जागा शेताच्या बांधानिशी आठवत असते. बागेच्या दुसऱ्या टोकाला दाट देवदार असतील आणि त्यांच्या वर घळ नसेल, तर तुमची वळणे तिथे करा. तिथेही झाडांच्या बुंध्याभोवती बर्फ पोकळ असतो आणि त्यात माणूस डोके खाली करून अडकू शकतो, म्हणून बुंध्यापासून दूर राहा आणि तुम्ही व मुलगी एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात आळीपाळीने उतरा.